नंबर बरोबर, चष्मा नवा, तरी गोल्फचा चेंडू नीट दिसत नाही? या क्रमाने तपासा

साताऱ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर मीच तपासतो, भिंगंही मीच बसवतो. गोल्फ हा आपल्याकडचा गल्लीतला खेळ नाही. पण या जिल्ह्यात फौजेतून निवृत्त झालेली माणसं गावोगाव आहेत आणि त्यातल्या कित्येकांना नोकरीत असताना छावणीच्या मैदानावर या खेळाची गोडी लागली. त्यांच्या संगतीने आता काही डॉक्टर, बागायतदार आणि कारखानदारही खेळू लागलेत. रविवारी पहाटे उठून खंबाटकी घाट ओलांडायचा, पुण्यात अठरा होल (चेंडू घालायचे खड्डे) खेळायचे आणि बाकीचे दिवस ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात जाळी लावून सराव करायचा, असा त्यांचा शिरस्ता.

ही मंडळी माझ्याकडे येतात ती बहुतेक एकच तक्रार घेऊन: "गाडी चालवताना लख्ख दिसतं, पेपर वाचता येतो, मग मैदानावरच काय होतं?" ही तक्रार मी इतक्यांदा सोडवली आहे की तपासायचा क्रम आता हातात बसलाय. तोच इथे देतो. फुकटातलं आणि सोपं आधी, खर्चाचं नंतर. क्रम मोडू नका. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा दोष पहिल्या पाच पायऱ्यांतच सापडतो आणि त्यातल्या पुष्कळांना नवा चष्मा घ्यावाच लागत नाही.

आधी लक्षणं

यातलं तुम्हाला काय होतं ते कागदावर लिहून ठेवा. कधी होतं, तेही लिहा. दोष शोधायला तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

- पायाशी ठेवलेला चेंडू धूसर दिसतो, हनुवटी छातीला टेकवली की स्पष्ट होतो. फटका चेंडूच्या डोक्यावर बसतो किंवा मागच्या मातीत रुततो.
- चेंडू उडाल्यावर थोडा वेळ दिसतो, मग आभाळात हरवतो. कुठे पडला ते कॅडीला (काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाला) विचारावं लागतं.
- पट (होलजवळून चेंडू आत घालायचा हलका फटका) नेहमी एकाच बाजूने निसटतो.
- पहिले चार-पाच होल ठीक जातात, मग नजर मळते. डोळे मिचकावले की क्षणभर साफ दिसतं.
- उतारावरून चालताना जमीन तरंगल्यासारखी वाटते, पायरी चुकते.
- झाडाच्या सावलीतून उन्हात किंवा उन्हातून सावलीत आलं की काही सेकंद काहीच कळत नाही.
- कॉन्टॅक्ट लेन्स घातल्यावर लांबचं उत्तम दिसतं, पण स्कोअरकार्ड वाचता येत नाही.

त्रास फक्त एका अंतरावर होत असेल तर दोष बहुधा भिंगाच्या प्रकारात असतो. वेळेनुसार वाढत असेल तर बसवणीत, घामात किंवा डोळ्यांच्या कोरडेपणात. फक्त उजेड बदलल्यावर होत असेल तर भिंगाच्या रंगात शोधा. आणि सगळ्या अंतरांवर, सगळ्या वेळी, घरीसुद्धा होत असेल, तर प्रश्न गोल्फचा नाही. मग थेट नंबरच्या पायरीवर जा.

1. भिंगं धुवा

हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण निम्मी माणसं भिंग शर्टाच्या टोकाने पुसतात. सनस्क्रीन, घाम आणि मैदानावरची बारीक धूळ यांचा पातळ थर बसतो. खोलीत तो जाणवत नाही, पण समोरून ऊन आलं की तोच थर चकाकतो आणि चेंडू गिळून टाकतो. नळाच्या साध्या पाण्याखाली धरा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटाने लावा, धुऊन मऊ सुती कापडाने टिपा. कोरडं पुसू नका, धुळीचे कण भिंगावर घासले जातात.

धुतल्यावर भिंग ट्यूबलाइटखाली तिरकं धरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर वरचं कोटिंग उष्णतेने तडकलंय. चष्मा डॅशबोर्डवर ठेवून गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली की असं होतं. हे पुसून जात नाही, भिंगच बदलावं लागतं. पुढे वाचण्याआधी हा निकाल लावून घ्या, नाहीतर बाकीच्या सगळ्या चाचण्या खोट्या येतील.

2. चष्मा बसतो कुठे ते पाहा

चष्मा टेबलावर उघडून ठेवा. दोन्ही काड्या टेबलाला सारख्या टेकल्या पाहिजेत. एक उचललेली असेल तर चेहऱ्यावर एक भिंग वर आणि एक खाली राहणार. तुमच्या नंबरात सिलेंडर (ठरावीक कोनात बसवायचा तिरका नंबर) असेल तर भिंग फिरल्याने त्याचा कोनही चुकतो.

मग चष्मा लावा, चेंडूवर उभं राहिल्यासारखं खाली वाका आणि डोकं हलकेच हलवा. चष्मा नाकावरून घसरतो का? दोन-तीन मिलिमीटर म्हणजे किती, असं वाटेल. रोजच्या कामात ते जाणवतही नाही, पण प्रोग्रेसिव्ह भिंगात (वर लांबचा, खाली वाचायचा, मधे रेष नसलेला नंबर) तेवढ्या घसरणीने नजर वेगळ्याच पट्ट्यातून जाते. ताठ उभं राहून आरशात पाहिलं तर चष्मा बरोबरच दिसतो, म्हणून ही तपासणी वाकूनच करायची.

टोपीही पाहा. टोपीचा काठ फ्रेमवर टेकत असेल तर प्रत्येक वेळी मान खाली घातली की टोपी चष्मा ढकलते. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय आणि कुणाच्याच लक्षात आलेलं नसतं.

काड्या वाकवून घेणं, नाकावरचे पॅड बदलणं ही कामं कोणत्याही दुकानात पाच-दहा मिनिटांत होतात. घाम फार येत असेल तर मागून बांधायचा पट्टा लावा. काड्या घरी वाकवू नका. गरम न करता वाकवली तर काडी तुटते.

3. जुना, फक्त लांबचा चष्मा शोधा

चाळिशीच्या पुढे असाल आणि प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल (लांबचा आणि वाचायचा भाग रेषेने वेगळा केलेलं भिंग) वापरत असाल, तर ही फुकटातली सगळ्यात मोलाची चाचणी आहे. घरातल्या ड्रॉवरमध्ये लांबच्या नंबराचा जुना चष्मा पडलेला असतोच. नंबर आजच्यापेक्षा थोडा वेगळा असला तरी चालेल. पंचवीस चेंडू नेहमीच्या चष्म्याने मारा, पंचवीस जुन्याने. जुन्या चष्म्याने खालचा चेंडू अधिक स्थिर दिसला, तर तुमचा नंबर नाही, भिंगाचा प्रकार आडवा येतोय.

ज्यांना लांबचा नंबरच नाही, फक्त वाचायचा आहे, त्यांनी चष्मा काढूनच मारून पाहावं.

4. टिकली चाचणी

ही मला एका निवृत्त कर्नलसाहेबांमुळे सापडली. त्यांना मी प्रोग्रेसिव्ह चष्मा करून दिला. त्यांची तक्रार आली म्हणून पुन्हा नंबर काढला. तो बरोबर निघाला, तरी दुसरी, महागातली भिंगं बसवली. तक्रार तीच. तिसऱ्या वेळी ते आले तेव्हा बाहेर पाऊस होता आणि त्यांच्या हातात लांब दांड्याची छत्री होती. मी म्हटलं, "साहेब, ही छत्री काठीसारखी धरा आणि मैदानावर उभे राहता तसे उभे राहा." ते उभे राहिले. खुर्चीत बसून माझ्याकडे बघताना त्यांची नजर भिंगाच्या मधून जात होती. छत्री धरून खाली बघताना ती भिंगाच्या अगदी तळातून, वाचायच्या भागातून जायला लागली. दोन चष्मे मी त्यांना खुर्चीत बसवून मोजून दिले होते आणि खेळत ते उभ्याने होते. ती चूक माझी होती. तेव्हापासून खेळाडूला उभं केल्याशिवाय मी माप घेत नाही.

तुम्ही घरी असं करा. फरशीवर चेंडू ठेवा, नेहमीसारखे उभे राहा, मान नेहमीइतकीच झुकवा. दुसऱ्या कुणालातरी तुमच्या भिंगावर लहान टिकली लावायला सांगा, अशा जागी की एक डोळा मिटल्यावर चेंडू बरोबर टिकलीच्या आड लपेल. मग ताठ उभं राहून आरशात पाहा: टिकली बुबुळाच्या किती खाली आहे? सात-आठ मिलिमीटर किंवा त्याहून खाली असेल आणि चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल, तर दोष सापडला. टिकलीचा डिंक नंतर साबणाने निघतो.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा निर्णय यावर आहे. उभं राहिल्यावर डोळ्यापासून चेंडू साधारण दीड मीटर लांब असतो. दीड मीटरसाठी डोळ्याला लागणारी जास्तीची ताकद सुमारे 0.67 नंबर (1 भागिले 1.5). प्रोग्रेसिव्हच्या तळाशी, समजा, +2.00 ची वाचायची ताकद असेल, तर ती अर्ध्या मीटरसाठी बनलेली आहे. म्हणजे चेंडू पाहताना 1.33 नंबर फुकट जास्त लागलाय. चांगल्या डोळ्याच्या माणसाला इतक्या नंबराचं भिंग लावून पाहा, तो लगेच ते काढायला सांगेल. त्यावर उपाय म्हणून खेळाडू नकळत हनुवटी खाली दाबतो, म्हणजे नजर भिंगाच्या वरच्या भागातून जाईल. हनुवटी दाबली की खांदा फिरायला जागा उरत नाही. प्रशिक्षक सांगतात "डोकं वर ठेव", चष्मा सांगतो "खाली घाल", आणि माणूस मधे अडकतो.

शिवाय प्रोग्रेसिव्हच्या खालच्या दोन्ही बाजूंना प्रतिमा वाकडी करणारे भाग असतात. उतारावर जमीन तरंगते ती त्यामुळे. हा भिंगाचा बिघाड नव्हे. एकाच काचेत तीन अंतरं बसवायची तर वाकडेपणा कुठेतरी सारावाच लागतो. बायफोकलमध्ये हाच त्रास रेषेवर होतो, चेंडू रेषेच्या वर-खाली उडी मारतो.

5. चष्मे बदलत राहता का?

रोज एक चष्मा, मैदानावर दुसरा, सामन्याच्या दिवशी कॉन्टॅक्ट लेन्स. असं करणाऱ्यांचा नंबर तिन्हींत बरोबर असतो, तरी फटका चुकतो. कारण भिंगाच्या मधोमध न पाहता कडेने पाहिलं की वस्तू जागेवरून सरकलेली दिसते. हिशेब सोपा आहे. −4 चा चष्मा असेल आणि नजर भिंगाच्या केंद्राच्या 1 सेंटिमीटर खालून जात असेल, तर दर मीटरला 4 सेंटिमीटर, म्हणजे दीड मीटरवरचा चेंडू 6 सेंटिमीटर सरकलेला दिसतो. गोल्फच्या चेंडूचा व्यास नियमाप्रमाणे किमान 42.67 मिलिमीटर. म्हणजे चेंडूच्या रुंदीपेक्षा जास्त! मायनस नंबरात तो पायांपासून लांब सरकल्यासारखा भासतो, प्लस नंबरात जवळ.

मग इतकी वर्षं चेंडू लागत कसा होता? मेंदू सवयीने हा फरक वजा करतो म्हणून. एकच चष्मा लावून खेळलात तर काही दिवसांत हाताला अंदाज येतो. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याबरोबर फिरते, तिच्यात हे सरकणं जवळजवळ नसतं आणि मायनसवाल्याला सगळं थोडं मोठंही दिसतं. त्यामुळे चष्म्यावर सराव करून लेन्स घालून सामना खेळायला गेलात की मेंदू जुनाच हिशेब वजा करत बसतो. उपाय फुकट आहे: जे घालून खेळायचं तेच घालून निदान दोन आठवडे सराव करा. सामन्याच्या आदल्या दिवशी नवा चष्मा माझ्याकडून कुणी घेऊन जायला लागला तर मी तो देताना हेच सांगतो, जुनाच लावून खेळा.

6. रंग

सावली-उन्हाची तक्रार असेल तर इथे थांबा.

उन्हात आपोआप काळी होणारी भिंगं अतिनील किरणांनी काळी होतात आणि साफ व्हायला त्यांना काही मिनिटं लागतात. तेवढ्यात तुम्ही झाडीत शिरून चेंडू शोधत असता. थंडीत ती जास्त गडद होतात आणि उजळायला आणखी वेळ घेतात. डिसेंबरात सकाळी खेळणाऱ्यांची ही तक्रार हमखास येते. चालायला-फिरायला ही भिंगं छान आहेत, पण या खेळासाठी मी ती सुचवत नाही.

पोलराइज्ड भिंग पाण्यावरची, गाडीच्या काचेवरची चकाकी मारतं. गाडी चालवायला, मासेमारीला उत्तम. पण ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) गवत कोणत्या दिशेला झुकलंय हे बरेच खेळाडू त्याच्या चमकेवरून ओळखतात, आणि तीच चमक या भिंगात दबते. काहींना काहीच फरक पडत नाही. मोबाइलचा किंवा अंतर मोजायच्या यंत्राचा पडदाही काही कोनातून काळा दिसतो. विकत घेण्याआधी कुणाचं तरी मागून एक फेरी खेळा.

रंग निवडायचा झाला तर हिरव्यावर पांढरा चेंडू उठून दिसण्यासाठी तपकिरी किंवा तांबूस छटा बरी पडते. करड्या रंगात सगळे रंग खरे दिसतात, पण उठाव कमी. छटा फार गडद नको. आणि रंग कोणताही असो, अतिनील किरणं अडवणारं भिंग आहे ना, याची खात्री करून घ्या. नुसत्या काळ्या काचेआड डोळ्याची बाहुली मोठी होते आणि ती किरणं उलट जास्त आत जातात. परतताना दिवस मावळल्यावर घाटात रंगीत चष्मा लावून गाडी चालवू नका, हेही इथेच सांगतो.

7. पट एकाच बाजूने जातो?

दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटं भोक करा, त्यातून लांबची एखादी वस्तू पाहा आणि आळीपाळीने डोळे मिटा. ज्या डोळ्याने वस्तू भोकातच राहते तो तुमचा प्रबळ डोळा. उजव्या हाताने खेळणारा माणूस मान डावीकडे वळवून होलकडे बघतो. त्या वेळी फ्रेमची जाड काडी किंवा कडा डाव्या डोळ्याच्या आड येते का ते पाहा. येत असेल आणि डावाच डोळा प्रबळ असेल, तर अंदाज दर वेळी एका बाजूला चुकणार. बारीक काडीची, कडा नसलेली किंवा रुंद फ्रेम लावून पाहा. होलचा व्यास 108 मिलिमीटर आहे, दोन-तीन मीटरवरून थोडी दिशा चुकली तरी चेंडू काठाने जातो. पण पट चुकायला हातही कारण असतो, त्यामुळे नुसत्या याच तक्रारीवर नवी फ्रेम घेऊ नका.

8. आता नंबर

आभाळात चेंडू हरवत असेल तर पाव नंबराचाही फरक पडतो. 150 मीटरवरचा चेंडू डोळ्याला जेवढा दिसतो, जवळपास तेवढीच जाडी तक्त्यातल्या 6/6 ओळीच्या (निरोगी नजरेला वाचता येणाऱ्या) अक्षरातल्या एका रेघेची असते. म्हणजे खेळाडू रोज नजरेच्या अगदी काठावर काम करतो. 200 मीटरच्या पुढे चेंडू दिसेनासा होणं हा दोष मानू नका, तिथे भलेभले हरवतात.

लहान दुकानात तक्ता 3 मीटरवर असतो आणि आरसा लावून अंतर दुप्पट केलेलं नसेल तर नंबर साधारण 0.33 ने कमी निघू शकतो. वाचायला, घरात वावरायला तो आरामशीरच वाटतो. म्हणून मी खेळाडूला चाचणीची फ्रेम लावूनच रस्त्यावर नेतो आणि अजिंक्यतारा किल्ल्यावरच्या टॉवरकडे बघायला लावतो. पाव नंबर वाढवून टॉवरच्या कडा तीक्ष्ण होतात का, हे तो स्वतः सांगतो. तुमच्या चष्मेवाल्याला तुम्हीही हे सांगू शकता. यात मागे राहायचं कारण नाही.

दोन गोष्टी नंबर काढण्याआधी सांगायच्याच. मधुमेह असेल आणि साखर वर-खाली होत असेल तर नंबरही हलतो. साखर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय केलेला चष्मा वाया जातो. आणि साठीच्या आसपास लांबचा मायनस नंबर आपोआप वाढू लागला, वाचायला मात्र चष्मा लागेनासा झाला, तर आनंदून जाऊ नका. तो बहुधा मोतीबिंदूचा आरंभ असतो. समोरच्या उन्हात पांढुरकं दिसणं हेही त्याचंच लक्षण. इथे चष्मा बदलत राहण्यात पैसे घालवू नका.

9. खेळासाठी वेगळा चष्मा

आधीच्या पायऱ्यांत दोष भिंगाच्या प्रकारात निघाला असेल तरच. माझी शिफारस साधी आहे: फक्त लांबच्या नंबराची, एकाच ताकदीची भिंगं, उभी उंची पुरेशी असलेल्या फ्रेममध्ये. दीड मीटरवरचा चेंडू उन्हात लहान झालेल्या बाहुलीमुळे त्यातून पुरेसा स्वच्छ दिसतो. साठीच्या पुढच्या काहींना तरीही तो जरासा मऊ दिसतो, त्यांना मी पाव नंबर प्लसकडे देऊन पाहतो. आभाळातला चेंडू त्यामुळे थोडा बिघडतो, तेव्हा दोन्हीत काय हवं ते खेळाडूनेच ठरवायचं. स्कोअरकार्डसाठी खिशात वाचायचा छोटा चष्मा ठेवा.

तो काढ-घाल करायचा कंटाळा असेल तर एक जुनी युक्ती आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजव्या भिंगात, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात, वाचायचा छोटा गोल तुकडा बसवून घ्यायचा. चेंडू बघताना तो वाटेत येत नाही आणि आकडा लिहिताना उपयोगी पडतो. ऑर्डर देऊन करून घ्यावा लागतो, थोडा वेळ लागतो.

भिंग पॉलिकार्बोनेटचं किंवा ट्रायव्हेक्सचं (दोन्ही सहजी न फुटणारी प्लास्टिकं) घ्या. ड्रायव्हरने (सगळ्यात लांब फटका मारायच्या काठीने) मारलेला चेंडू ताशी 200 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने सुटतो. तो डोळ्यावर बसण्याचे प्रसंग विरळ, पण बसला तर डोळा वाचणं कठीण. ज्याचा एकच डोळा चांगला आहे त्याने याबाबतीत तडजोड करू नये. पॉलिकार्बोनेटमध्ये मोठ्या नंबराला कडेने रंगीत झालर दिसते. तो त्रास झाला तर ट्रायव्हेक्स.

गालाला चिकटणाऱ्या गोलाईदार खेळाच्या फ्रेम दिसायला छान असतात, वाराही अडवतात. पण नंबर ±4 च्या पुढे असेल तर त्या गोलाईने कडेचं चित्र वाकतं. त्या फ्रेमसाठी हिशेब करून बनवलेली भिंगं मिळतात, महाग असतात. मोठ्या नंबरवाल्यांना मी साधी, कमी गोलाईची फ्रेमच देतो.

10. कॉन्टॅक्ट लेन्स

मोठा मायनस नंबर, घाम, पावसाळी हवा, फ्रेमची कड आड येणं: अशांना लेन्स खरंच मोकळं करते. टायगर वूड्सही 1999 मध्ये डोळ्यांची लेझर शस्त्रक्रिया करून घेण्याआधी लेन्स घालूनच खेळत होता. पण चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी दाखवून लेन्स मागवू नका. ±4 च्या पुढे दोन्हींचे आकडे वेगळे असतात. चष्म्यात −6 असेल तर लेन्समध्ये साधारण −5.50 लागतो. बुबुळाचा गोलावाही मोजावा लागतो.

नजर मळते आणि मिचकावल्यावर साफ होते, याची दोन कारणं. पहिलं कोरडेपणा: चेंडूवर टक लावली की आपण डोळे मिचकावणं विसरतो, त्यात आपल्याकडचा उन्हाळी वारा. फटक्याआधी दोनदा मुद्दाम पूर्ण डोळे मिटा. लेन्सवर चालणारे थेंब वेगळे असतात, तेच वापरा. दुसरं कारण सिलेंडरची लेन्स फिरणं: मान खाली आणि तिरकी असताना ती जागेवरून हलते, म्हणून पट करताना धूसर आणि ताठ उभं राहिल्यावर स्पष्ट, असा प्रकार होतो. त्यावर वेगळ्या घडणीची लेन्स घालून पाहणं हाच उपाय.

चाळिशीच्या पुढे एका डोळ्यात लांबची आणि दुसऱ्यात जवळची लेन्स घालायची पद्धत आहे. ऑफिसात ती चालते. गोल्फमध्ये अंतराचा अंदाज दोन्ही डोळ्यांनी मिळून येतो, त्यामुळे मी ती या खेळाला देत नाही. दोन्ही डोळ्यांत लांबची लेन्स आणि खिशात वाचायचा चष्मा, हे जास्त टिकतं.

रोज फेकायची लेन्स घ्या. मैदानावर खत-औषध फवारलेलं असतं, हात गवताला, चेंडूला लागतात. साबणाने हात धुतल्याशिवाय लेन्सला बोट नाही. नळाचं पाणी लेन्सला कधीही लावायचं नाही, आणि लेन्स घालून गाडीत झोपायचंही नाही.

इथे थांबा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा

चष्मेवाल्याच्या हातातलं काम इथे संपतं. पुढच्या गोष्टींत मी स्वतः गिऱ्हाइकाला चष्मा न देता परत पाठवतो.

अचानक डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होणं, काळे ठिपके एकदम वाढणं, कडेने पडदा सरकल्यासारखं दिसणं: त्याच दिवशी जा, रविवार असला तरी. डोळ्याच्या आतलं नेत्रपटल (रेटिना) सुटत असू शकतं आणि तासातासाचा फरक पडतो.

एक डोळा मिटून खिडकीचे गज पाहा, मग दुसरा मिटून. गज मध्येच वाकडे किंवा तुटलेले दिसले तर चष्म्याने ते सरळ होणार नाहीत. अचानक एकाचे दोन दिसू लागले, किंवा योग्य नंबर लावूनही एका डोळ्याने तक्त्याच्या खालच्या ओळी येतच नाहीत, तरीही तेच.

चेंडू किंवा काठी डोळ्यावर लागली तर डोळा चोळू नका, दाबू नका, धुवू नका. कागदी पेला उलटा धरून डोळा झाका, म्हणजे कशाचाही दाब पडणार नाही, आणि थेट रुग्णालयात जा. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून वाटेत काही खाऊ-पिऊ नका.

लेन्स घालणाऱ्याचा डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर लेन्स लगेच काढा आणि उद्यावर ढकलू नका. मेडिकलमधून आपल्या मनाने थेंब घेऊन घालू नका. काढलेली लेन्स फेकून न देता तिच्या डबीसकट डॉक्टरांकडे घेऊन जा. जंतू कोणता हे त्यांना त्यावरून तपासता येतं.